गॅरेजात शहाणी, सिग्नलला वेडी

या, असे पुढे सरकून बसा. तिकडे दाराशी बसलात तर रस्त्यावरच्या हॉर्नांत अर्धी गोष्ट वाहून जाईल. आज जे आख्यान लावणार आहे त्यात राजा नाही, राक्षस नाही, कुणाचा शाप नाही. एक जुनी पांढरी गाडी आहे, उभ्या उभ्या धापा टाकणारी. आणि त्या धापेचं मूळ हाती लागेपर्यंत मागे न हटलेली एक पोर आहे. ऐका तर.

आमचे एकनाथबुवा तुमच्यापैकी काहींनी ऐकले असतील. पूर्वी सोलापुरात शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर पुरते कीर्तनाचे झाले. मी त्यांच्या मागे गेली बावीस वर्षं झांज धरून उभा आहे, त्यामुळे मी सांगतो त्यात थोडा पक्षपात असणारच, तेवढा पोटात घाला. पेटीवर त्यांच्या पत्नी, प्रभाताई. बुवा निरूपणाच्या भरात सूर सोडून लांब गेले की प्रभाताई एकच पट्टी हलकेच दाबून धरायच्या, आणि बुवा बोट धरल्यासारखे परत यायचे. ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी प्रभाताईंच्या मणक्याचं दुखणं निघालं. हात वाचले, पाय गेले. त्या दिवसापासून बुवा सांगायचे, पेटीवर दुसरं कुणी बसणार नाही, ही येईल तिथेच मी उभा राहीन. मग प्रश्न आला नेण्याआणण्याचा. बुवांची गाडी तेव्हाच जुनी होती. अक्कलकोट रोडच्या एका वेल्डरनं तिची पुढची डावी सीट काढून खाली फिरती लोखंडी थाळी बसवली. दार उघडलं की सीट रस्त्याच्या बाजूला वळायची, प्रभाताई हातांवर जोर देऊन चाकाच्या खुर्चीतून स्वतःच्या स्वतः सीटवर सरकायच्या. कुणी उचलायचं नाही, कुणी काखेत हात घालायचा नाही. त्या थाळीवर प्रभाताईंचं घराबाहेरचं सगळं जग फिरत होतं म्हणा ना.

आणि यंदा भाद्रपदात ती गाडी बिघडली.

बिघडली म्हणजे बंद पडली नाही. रस्त्याला लागली की छान पळायची. पण सिग्नलला उभी राहिली की थंडी वाजल्यासारखी थरथरायची. आरसा हलायचा, डॅशबोर्डवरचा गणपती नाचायचा, इंजिनाचा आवाज खाली खाली जाऊन आता विझतं की काय असं व्हायचं, मग परत वर यायचा. सात रस्त्याच्या सिग्नलला तर दोनदा विझलीच, आणि मागच्या रिक्षावाल्यांनी बुवांना जे ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

त्यात नवरात्र तोंडावर आलं. सातव्या माळेला बुवांचं कीर्तन करमाळ्याला, कमळाभवानीच्या देवळात ठरलेलं. करमाळा हे प्रभाताईंचं माहेर. त्या देवळाच्या ओवरीत त्या वयाच्या नवव्या वर्षी पहिल्यांदा पेटीला बसल्या होत्या. पाय गेल्यापासून करमाळ्याला जाणं झालंच नव्हतं. निमंत्रण आलं त्या दिवशी त्यांनी पेटी खाली काढून पट्ट्यांवरून तेलाचं बोट फिरवलं. घरात जाणारं-येणारं माणूस त्यावरून ओळखून होतं.

पहिल्या मेकॅनिकनं बोनेट उघडलं, बंद केलं, इंजिन उतरलं म्हणाला. काम काढण्यापेक्षा भंगारात घाला. पुण्याहून मुलाचा, अभिमन्यूचा फोन आला. तो आईवर जीव टाकणारा मुलगा, पण लांबचा. त्याचं म्हणणं, गाडी विकून टाका, मी सातव्या माळेला मोठी गाडी आणि दोन माणसं पाठवतो, ते आईला उचलून आत बसवतील. प्रभाताईंनी फोन मागून घेतला.

"अरे, मला पोत्यासारखं उचललेलं करमाळ्यानं बघायला नकोय," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

तेव्हा बुवा गाडी घेऊन विजापूर रोडला पूनमच्या गॅरेजात गेले.

पूनम ही धुळाप्पांची मुलगी. धुळाप्पा मंगळवेढ्याकडचे धनगर, आयुष्य मेंढरांमागे गेलं. आता मेंढरं थोरल्या मुलाकडे सोपवून चार-सहा महिने लेकीकडे येऊन राहतात, गॅरेजच्या दारात दगडावर बसून लोकर कातत असतात. पूनमनं आयटीआयला मोटारीचं काम शिकून पत्र्याचं शेड टाकलं तेव्हा शेजारच्या टपरीवर पैजा लागल्या होत्या की दिवाळीला हिथं पापड लाटले जातील. दिवाळ्या चार झाल्या. टपरीवाल्याची मोटारसायकल आता तीच नीट करते.

तिनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. प्लग काढून पाहिले, बदलले. हवेची जाळी साफ केली. इंजिनाला हवा सोडणारा गळा काळा झाला होता, तो पांढरा होईस्तोवर पुसला. एकेका नळीवर पाण्याचा फवारा मारून कुठून चोरून हवा जाते का पाहिलं. मग गाडी चालू करून अर्धा तास उभी ठेवली. गाडी अशी की बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलेना. बुवा खूश. घरी येताना सात रस्त्याला सिग्नल लागला, आणि गणपती पुन्हा नाचायला लागला.

परत नेली. परत तिनं सगळं तपासलं. ठिणगीच्या वायरी बदलल्या. गॅरेजात गाडी गाईसारखी गरीब. सिग्नलला पुन्हा तेच. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला घटस्थापना होऊन गेली होती, दुसरी माळ होती. टपरीवर एकानं मोठ्यानं विचारलं की पूनमबाई, गाडीला माहेर आवडतंय का, सारखी येती ती. हशा पिकला. पूनमनं मान वर केली नाही.

मी तिथे होतो. बुवा तिला समजावत होते की राहू दे बाळ, तू खूप केलंस, आमचंच नशीब. तिनं हात पुसले आणि म्हणाली,

"बुवा, नशीब म्हनून सोडायला ही काय कुंडली हाय व्हय? मोटार हाय. हितं नीट चालती आनि तितं थरथरती, म्हंजे तितं काय तरी असं होतंय जे हितं होत न्हाय. ते काय, एवढंच हुडकायचं हाय."

मग तिनं बुवांची उलटतपासणी घेतली. सिग्नलला दिवे लावता का, पंखा लावता का, गिअर कुठला असतो, क्लच दाबलेला असतो का. बुवा आठवून आठवून उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तरावर ती गॅरेजात तसं करून पाहत होती. दिवे लावले, काही नाही. पंखा लावला, काही नाही. शेवटी ती म्हणाली, उद्या मी तुमच्याबरोबर गाडीत बसते. नेहमी जाता तसे चला. काकू त्यांच्या जागेवर, सगळं नेहमीसारखं.

तिसऱ्या माळेला सकाळी आम्ही चौघं निघालो. पुढे बुवा आणि प्रभाताई, मागे मी आणि पूनम. पूनमच्या मांडीवर पान्ह्यांची पिशवी, कान इंजिनाकडे. सात रस्ता आला, लाल दिवा लागला, गाडी थांबली. आणि सांगतो काय, गाडी शहाण्या बाळासारखी उभी. आरसा हलेना, गणपती हलेना. पार्क चौकापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा सात रस्ता. काही नाही. बुवांना तर अपराध्यासारखं झालं, जणू आपणच खोटं सांगितलं.

तेव्हा प्रभाताई पुढूनच, मान न वळवता म्हणाल्या, "आज हे गप्प आहेत ना, म्हणून तीही गप्प आहे."

बुवा हसले. मीही हसलो, आणि ते हसणं मला आजही टोचतं. कारण प्रभाताई ही गोष्ट भाद्रपदापासून सांगत होत्या. अहो, ही गाडी उगाच नाही थरथरत, तुमच्या भजनाबरोबर थरथरते, ठेक्यात थरथरते. आम्ही म्हणायचो, चोवीस तास सूर-ताल डोक्यात, म्हणून ताईंना इंजिनातही ठेका ऐकू येतो. अभिमन्यूला तर वाटलं आईच्या औषधांचा परिणाम आहे.

पूनम हसली नाही. ती पुढे वाकली आणि प्रभाताईंच्या सीटवर हनुवटी टेकवून म्हणाली, "काकू, ठेक्यात म्हंजे कसं? मला ह्यातलं काय कळत न्हाय. वाजवून दावा की."

प्रभाताईंनी डॅशबोर्डवर बोटांनी वाजवून दाखवलं. आठ मात्रांचा आपला साधा भजनी ठेका, समेवर तळव्याचा ठोका. "इथे," त्या म्हणाल्या, "समेला ती खाली बसते. मध्ये सावरते. पुढच्या समेला पुन्हा बसते."

पूनमनं बुवांना सांगितलं, बुवा, गुणगुणा. बुवा लाजले. मी सांगतो, पाच हजार माणसांपुढे न लाजणारा माणूस त्या पोरीपुढे लाजला. सिग्नलला उभं राहिलं की ते पुढच्या कीर्तनाची पदं मनातल्या मनात घोळवायचे, ओठांतल्या ओठांत म्हणायचे, हे आम्हाला ठाऊक होतं. पण गाडीत परकं माणूस म्हणून त्या दिवशी त्यांनी तोंड मिटलेलं होतं. प्रभाताई म्हणाल्या, म्हणा हो, देवाचं नाव घ्यायला कसली लाज. तेवढ्यात तिसऱ्यांदा लाल दिवा लागला.

बुवांनी डोळे अर्धे मिटून पद धरलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला आरसा हलला. गणपतीनं मान डोलावली. तिसऱ्या ओळीला इंजिन बसत होतं, उठत होतं, बसत होतं, उठत होतं, आणि देवाशपथ सांगतो, समेवर. मी झांजेचा माणूस. मला नकळत मांडीवर हात पडला तो इंजिनाच्या बरोबर पडला.

पूनम मात्र ऐकत नव्हती, पाहत होती. ती दोन सीटांच्या मधून पार खाली वाकली होती.

"बुवा," ती खालूनच म्हणाली, "पाय तसाच दाबून धरा."

बुवांचा उजवा पाय. माणूस आयुष्यभर उभ्यानं कीर्तन करत आला, उजव्या पायानं ताल धरत आला. तो पाय काही त्यांना विचारून हलत नाही. सिग्नलला गाडी उतारावरून सरकू नये म्हणून तो ब्रेकवर नुसता टेकलेला असायचा, आणि ओठांत पद आलं की ब्रेकवरच ठेका धरायचा. समेला ब्रेक दाबला जायचा. आता त्यांनी तो दाबून धरला तसं इंजिन गदगदा हललं, पायांच्या बाजूनं 'फूस' असा आवाज आला आणि गाडी विझली. मागून हॉर्न सुरू झाले. पूनमनं खिडकीतून हात काढून त्यांना थांबायची खूण केली आणि तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गॅरेजात आल्यावर तिनं पहिली शिवी स्वतःला दिली. ती गाडी तपासताना हाताचा ब्रेक ओढायची, चाकाखाली दगड लावायची आणि पुढे वाकून इंजिनात डोकं घालायची. पायाचा ब्रेक दाबून, तसा धरून तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. मग तिनं आम्हाला बोनेटखाली, ब्रेकच्या पेडलाच्या बरोबर समोर बसवलेला एक मोठा गोल काळा डबा दाखवला. त्याला बूस्टर म्हणतात. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं, त्या ओढीच्या जोरावर आपल्या पायाचा हलका दाब चाकापर्यंत भारी होऊन पोचतो. डब्याच्या आत रबराचा पडदा असतो. तो चिरला होता. पाय वर असला किंवा नुसता टेकलेला असला की चिरेनं काही बिघडायचं नाही. पाय जोरानं दाबला की बाहेरची हवा आत यायची, चिरेतून थेट इंजिनात घुसायची, आणि नको ती हवा मिळाली की इंजिन धापा टाकायचं. डब्यापासून इंजिनाकडे जाणारी नळी तिनं पकडीनं चिमटून धरली आणि बुवांना ब्रेक दाबायला लावला. इंजिन एका सुरात चालत राहिलं. नळी सोडली, थरथर सुरू. दोनदा करून दाखवलं.

प्रभाताई खुर्चीतून पाहत होत्या. म्हणाल्या, "भात्याला भोक पडलंय म्हण की. पेटीचंही असंच होतं, नुसती ठेवली तर काही नाही, वाजवायला घेतली की धाप लागते." पूनम म्हणाली, अगदी तसंच, काकू.

बुवांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इंजिन शाबूत होतं. त्यांनी हात जोडले आणि किल्ली मागितली. पडदा काय, नवरात्रानंतर बदलू, तोवर सिग्नलला पाय आवरून धरीन.

पूनमनं किल्ली पदराच्या गाठीत नाही, पँटच्या खिशात घातली. म्हणाली, थरथरीचं विसरा आता. हा पडदा आज चिरलाय, उद्या पुरता फाटंल. फाटला की ब्रेक दगडासारखा होतो, दोन्ही पायांनी दाबला तरी गाडी वेळेवर थांबत नाही. करमाळा काय जवळ नाही.

बुवा म्हणाले, मी चाळीसच्या वर नेणार नाही.

"चाळीसवर काय म्हशी आडव्या येत न्हाईत व्हय?"

बुवांचा चेहरा लाल झाला. बावीस वर्षांत मी त्यांना कीर्तनाबाहेर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "पूनम, गाडी माझी आहे."

"गाडी तुमचीच हाय, बुवा. कुटं न्हाय म्हनलं. किल्ली मातर देनार न्हाय. पुडं काकू बसत्यात."

टपरीवरची माणसं चहा पिता पिता थांबली. धुळाप्पांच्या हातातली लोकर कातायची चाती थांबली. बुवांना प्रभाताईंचं माहेर दिसत होतं, सहा वर्षांनी आलेलं आणि आता एका पोरीच्या खिशात अडकलेलं. ते काहीतरी कडक बोलणार होतेच. प्रभाताईंनी चाक फिरवून खुर्ची मध्ये घातली.

"अहो, राहू द्या तिच्याकडे किल्ली," त्या म्हणाल्या. "मी सांगत होते ते खरं मानणारी ही पहिलीच." मग पूनमकडे वळल्या. "पण सातवी माळ मला हवी आहे. ती कशी मिळते ते आता तू बघ."

पूनमनं मान डोलावली.

त्या दुपारी तिनं सोलापुरातलं एकेक दुकान फोनवर घेतलं. एवढ्या जुन्या गाडीचा बूस्टर कुणाकडे नव्हता. पुण्याहून मागवायचा तर नवरात्रात आठ-दहा दिवस. भंगारवाल्यांकडे जाऊन आली. एकाकडे मिळाला तो गंजून चाळण झालेला. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण फोन चालूच होते.

धुळाप्पा हे सगळं दगडावरून ऐकत होते. ते उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून पुढची जाळी आणि दिवे निरखले, जसं मेंढरू विकत घेताना माणूस त्याचं तोंड निरखतो. मग म्हणाले,

"ह्याच तोंडाची एक नातेपुत्याच्या अलीकडं लिंबाखाली हुबी हाय. मागनं कुनीतरी ठोकारल्याली. नाक शाबूत हाय."

पूनमनं विचारलं, आण्णा, कधी बघितली. ते म्हणाले, श्रावणात. मेंढरं तिकडं होती म्हणून पोराकडं गेलो होतो, पावसानं झोडपलं, तेव्हा चार कोकरं तिच्या पोटाखाली कोरडी राहिली.

आता हे आपल्यासारख्यांना उमगणार नाही. आपण रस्त्यानं जातो तेव्हा मेलेली गाडी आपल्याला दिसत नाही. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्याला ती सावली असते, आडोसा असतो. धुळाप्पांच्या डोक्यात माळशिरसापासून जतपर्यंतचं प्रत्येक झाड, प्रत्येक पाणवठा आणि प्रत्येक उभी मोडकी गाडी जागच्या जागी होती.

चौथ्या माळेला पहाट फुटायच्या आत बापलेक मोटारसायकलवरून निघाले. पुढचं पूनमनं मला नंतर सांगितलं. गाडी जिथल्या तिथे होती, आत कोंबड्या बसलेल्या. मालक अडून बसला की नेता तर अख्खी न्या, नाहीतर हात लावू नका. पूनमला घाई, ती वाद घालायला लागली. धुळाप्पांनी तिला गप्प केलं, मालकाच्या बाजेवर बसले, पाणी मागितलं आणि मग तुमची आजी कुठली, तिचं माहेर कुठलं, त्या गावात आमच्या चुलत्याचा मेंढरांचा वाडगा कुठल्या ओढ्याला बसायचा असं काढत काढत अर्ध्या तासात त्याला पाव्हणा करून टाकला. पाव्हण्यानं स्वतः पान्हा आणून दिला. वर दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पाचव्या माळेला पूनमनं तो डबा आमच्या गाडीला बसवला. बसवून झाल्यावर बुवांना वाटलं, झालं. ती म्हणाली, दुसऱ्याचा जुना माल आहे, ह्याच्यावर मी एवढ्यात भरवसा ठेवत नाही. इंजिन चालू करून डब्यातली हवा ओढून घेतली, इंजिन बंद केलं आणि गाडी तशीच झाकून ठेवली. डबा धड असेल तर सकाळपर्यंत ती ओढ टिकली पाहिजे. सहाव्या माळेला सकाळी आम्ही जमलो. इंजिन बंदच. तिनं ब्रेक दाबला. पेडल लोण्यासारखं खाली गेलं. दुसऱ्यांदाही गेलं. तिसऱ्यांदा कडक झालं, साठलेली ओढ संपल्यावर व्हायला हवं तसं. मग इंजिन चालू करून तिनं बुवांना गाडीत बसवलं आणि पाय दाबून धरायला लावला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. इंजिनाचा सूर ढळला नाही. तरी तिचं समाधान होईना.

"बुवा, आता म्हना. ठेक्यात."

बुवांनी म्हटलं. उजव्या पायानं ब्रेकवर ताल धरला, ह्या वेळी जाणूनबुजून, चांगला दणकून. इंजिन आपल्या लयीत, बुवा आपल्या लयीत. प्रभाताई डोळे मिटून ऐकत होत्या. पद संपलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, नाही बसत आता समेला.

तेव्हा कुठे पूनमनं खिशातून किल्ली काढली. ती बुवांच्या नव्हे, प्रभाताईंच्या हातात ठेवली.

सातव्या माळेला आम्ही करमाळ्याला निघालो. मागे पेटी, झांजा, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, आणि पूनम. तिला कुणी बोलावलं नव्हतं. रस्ताभर ऐकते म्हणाली, आणि बसली. मोहोळ गेलं. टेंभुर्णीच्या अलीकडे पुढची एसटी हात दाखवणाऱ्या एका म्हातारीसाठी एकदम थांबली. बुवांनी ब्रेक दाबला. गाडी एसटीच्या मागे हातभर अंतरावर जागच्या जागी थांबली. बुवांनी स्टेअरिंगवरचे हात सोडले, मागे वळले, आणि पूनमला नमस्कार केला. सत्तरीला टेकलेला माणूस, कीर्तनकार. ती गोंधळून खिडकीबाहेर बघायला लागली.

देवळाबाहेर गाडी लागली. दार उघडलं, थाळी फिरली, आणि प्रभाताई करमाळ्याच्या मातीकडे तोंड करून बसल्या. माहेरच्या बायका धावत आल्या, दोघींनी काखेत हात घालायला पुढे केले. त्यांनी हसून ते बाजूला केले. हातांवर जोर दिला आणि खुर्चीत सरकल्या. पदर सारखा केला. ओवरीत पेटी मांडलेली होती. त्यांनी भाता उघडला, एक पट्टी दाबली आणि ती कितीतरी वेळ सोडलीच नाही. बुवा उभे राहिले. त्या रात्री ते निरूपणात दोनदा लांब गेले आणि दोन्ही वेळा त्यांना परत आणणारा सूर तिथे होता.

पूनम आत आली नव्हती. मध्ये झांज थांबली तेव्हा मी पाहिलं, ती चपलांपाशी उभी होती, काळे हात मागे धरून. आरतीला मी तिला बोलवायला गेलो तर म्हणाली, काका, तुमचं चालू द्या, इंजिन गार झालंय तोवर पाणी बघून घेते.

आता आरतीची वेळ आपल्याकडेही झालीच आहे. ताट फिरेल, तुम्ही दोन्ही हात ज्योतीवर धरून डोळ्यांना लावाल आणि ज्याची त्याची आठवण काढाल, लेकराबाळांची, गेलेल्यांची. त्यांत एक नाव माझ्याकडून घाला. पूनम, धुळाप्पांची लेक, विजापूर रोडची. ती स्वतः पुढे यायची नाही. तुम्हीच तिची आठवण ठेवा.